जॉन गलार्डी : ४८९ विजय आणि शिट्टी नसलेले मैदान

सरोवरकाठ

महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमध्ये सर्वाधिक सामने कोणत्या प्रशिक्षकाने जिंकले असे विचारले, तर अनेक अमेरिकन माणसेही अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांचे किंवा पेन स्टेटच्या जो पटर्नो यांचे नाव घेतात. खरे उत्तर मिनेसोटातल्या कॉलेजव्हिल नावाच्या अगदी लहान वस्तीत आहे. तेथे बेनेडिक्टाइन पंथाच्या मठाला लागून सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी हे फक्त मुलांचे, दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांचे कॉलेज आहे. जॉन गलार्डी यांनी १९५३ ते २०१२ असे सलग ६० हंगाम तेथे मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केले. (इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा 'जी' उच्चारायचा नसतो, म्हणून मी 'गलार्डी' असे लिहितो.) त्याआधीची मोंटानातल्या कॅरल कॉलेजमधली चार वर्षे धरली तर त्यांच्या नावावर ४८९ विजय, १३८ पराभव आणि ११ बरोबरीचे सामने आहेत. हा आकडा आजवर कोणी ओलांडलेला नाही.

तथापि आकड्यासाठी मी हा धागा काढलेला नाही. हा माणूस ज्या पद्धतीने जिंकला ती पद्धत मला अनेक वर्षे विचारात पाडत आली आहे. या खेळात जे जे अपरिहार्य मानले जाते, त्यातले बरेचसे त्यांनी सरावातून काढून टाकले होते, आणि तरीही (माझ्या मते म्हणूनच) ते जिंकत राहिले.

सुरुवातीपासून सांगतो. गलार्डी यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ रोजी कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ असलेल्या ट्रिनिडॅड या कोळसा खाणींच्या गावी झाला. घराणे इटालियन, वडील स्थलांतरित. १९४३ साली ते गावातल्या कॅथलिक शाळेच्या संघात खेळत असताना त्यांच्या प्रशिक्षकांना महायुद्धासाठी सैन्यात बोलावणे आले आणि शाळेने संघच बंद करण्याचा विचार सुरू केला. तेव्हा सोळा वर्षांच्या या मुलाने पुढे होऊन सांगितले की संघ आम्हीच चालवू. खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही भूमिका त्याने एकदमच स्वीकारल्या.

त्या काळातले शालेय प्रशिक्षण फार कठोर होते. मैदानाला फेऱ्या, बदकासारखे बसून चालणे, रोजची प्रत्यक्ष धडकाधडकी, आणि सराव चालू असताना पाण्याचा थेंबही नाही, कारण पाणी प्यायल्याने पोटात गोळे येतात अशी समजूत होती. गलार्डी यांच्या हाती अधिकार आल्यावर त्यांनी मुलांना पाणी पिऊ दिले आणि ज्या व्यायामांचा सामन्याशी काही संबंध दिसत नव्हता ते एकेक करून थांबवले. यामागे कोणताही सिद्धांत नव्हता. जे त्रास आदल्या वर्षी स्वतः भोगले होते, त्यांचा शनिवारच्या सामन्यात काय उपयोग झाला, हा प्रश्न त्यांनी प्रामाणिकपणे विचारला आणि उपयोग झाला नाही असे दिसले तेथे ती गोष्ट सोडून दिली. पुढची जवळजवळ सत्तर वर्षे ते हाच प्रश्न विचारत राहिले.

कोलोरॅडो कॉलेजमध्ये स्वतः शिकत असताना ते जवळच्या एका शाळेच्या संघाला शिकवत होते. १९४९ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, मोंटानातल्या हेलेना शहरातील कॅरल कॉलेजने त्यांना बोलावले. तेथे चार हंगामांत २४ विजय, ६ पराभव, १ बरोबरी आणि तीन वेळा विभागीय विजेतेपद अशी त्यांची कामगिरी झाली. १९५३ मध्ये ते कॉलेजव्हिलला आले. त्यांच्या आधी तेथे जॉनी ब्लड मॅकनॅली हे प्रशिक्षक होते. ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाचे हे नामांकित खेळाडू १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या अगदी पहिल्या तुकडीत निवडले गेले. इतक्या मोठ्या खेळाडूनंतर आलेला हा सव्वीस वर्षांचा, स्वतः खेळाडू म्हणून कोणालाही ठाऊक नसलेला मुलगा पुढची साठ वर्षे तेथे राहील, असे त्या दिवशी कोणाच्या मनातही आले नसेल.

आता त्या पद्धतीविषयी. सरावात टॅकल नाही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून जमिनीवर पाडणे नाही. शिट्टी नाही. ढकलण्यासाठी वापरतात ते जड लोखंडी स्लेज नाहीत. सक्तीचा वजन उचलण्याचा कार्यक्रम नाही. दीड तासापेक्षा लांब सराव नाही, आणि फार पाऊस असेल किंवा चिलटे-डास असह्य झाले असतील तर तोही नाही. संघातून कोणाला वगळणे नाही. त्यामुळे संघात दीडशेहून अधिक मुले असत. नव्या मुलांचा छळ नाही. आणि त्यांना 'कोच' म्हणायचे नाही, नुसते 'जॉन' म्हणायचे.

पंधरा-एक वर्षांपूर्वी, शरद ऋतूतल्या एका दुपारी, मी त्या सराव मैदानाच्या कडेला उभा होतो. माझ्या आठवणीत सर्वांत ठळक राहिली आहे ती तिथली शांतता. मुले हेल्मेट आणि साध्या कपड्यांत होती. एक डाव मांडला जाई, चेंडू सुटे, प्रत्येक जण आपापल्या जागी धावत जाई, अंगाला अंग भिडण्याच्या क्षणी दोघेही थांबत, आणि सर्व जण परत येऊन तोच डाव पुन्हा मांडत. मग पुन्हा. एखादा मुलगा एका पावलाने चुकला की पंच्याऐंशीच्या घरातले ते गृहस्थ हळू आवाजात काहीतरी बोलत आणि पुन्हा तोच डाव होई.

---

चढाईपकड

लेख अतिशय आवडला. मी शाळेत मुलांना कबड्डी शिकवतो, त्यामुळे एक शंका मनात आली ती विचारतो. पकड हा ज्या खेळाचा प्राण आहे, त्या खेळाची पकड सरावात कधीच करायची नाही, हे मला समजत नाही. प्रत्यक्ष सामन्यात समोरचा शंभर किलोचा खेळाडू अंगावर धावून आला म्हणजे मुलगा बिचकणार नाही का? अंगाला सवय नसेल तर दुखापत उलट वाढणार नाही का?

---

सरोवरकाठ

आपली शंका रास्त आहे आणि गलार्डी यांना तीच शंका आयुष्यभर विचारली गेली. त्यांच्या म्हणण्याचा आशय मी माझ्या शब्दांत मांडतो.

या खेळात प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू असतात आणि आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे चार 'डाउन'मध्ये, चेंडू किमान दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. प्रत्येक डाउन हा काही सेकंदांचा, आधी आखलेला डाव असतो आणि त्यात अकराही जणांना वेगवेगळे काम दिलेले असते. एकाने उजवीकडे दोन पावले टाकून समोरच्याला अडवायचे, दुसऱ्याने त्याच्या मागून जाऊन पुढच्या फळीतला खेळाडू अडवायचा, तिसऱ्याने सरळ पळत बचाव करणाऱ्यांना आपल्यामागे ओढून न्यायचे. अकरांपैकी एकाचा अंदाज चुकला तर उरलेल्या दहा जणांची मेहनत वाया जाते. गलार्डी यांचा अनुभव असा की सामने जोर कमी पडल्यामुळे क्वचित हरले जातात. ते बहुधा कोणीतरी चुकीच्या जागी उभा असल्यामुळे हरले जातात. कॉलेजला येणारा मुलगा शाळेत चार वर्षे खेळून आलेला असतो. धडक देणे त्याला येते. धडक कोणाला आणि कोठे द्यायची, हे त्याला येत नाही.

शिवाय साधा हिशेब पाहा. प्रत्यक्ष धडक देऊन डाव खेळला तर मुले पडतात, उठतात, कोणी लंगडतो, आणि दीड तासात थोडेच डाव होतात. धडकेच्या आधी थांबले तर तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक डाव होतात. आणि मंगळवारी जायबंदी झालेला उत्तम खेळाडू शनिवारी कोणाच्याच उपयोगाचा नसतो. म्हणून मला वाटते की सेंट जॉन्सची मुले कमी सराव करत होती असे म्हणणे चुकीचे आहे. जे अचूक यायला हवे त्याचा सराव ती इतरांपेक्षा जास्त करत होती.

बिचकण्याविषयी म्हणाल तर निकालच पुरेसे बोलके आहेत. १९६३ साली याच पद्धतीने तयार झालेल्या संघाने राष्ट्रीय अंतिम सामन्यात टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू संघाला ३३-२७ असे हरवले. पुढे कॅन्सस सिटी चीफ्स या व्यावसायिक संघाकडून गाजलेला ओटिस टेलर त्या प्रेअरी व्ह्यू संघात होता. १९६५ मध्ये अंतिम सामन्यात लिनफिल्डविरुद्ध ३३-० असा विजय मिळाला. ही दोन विजेतेपदे लहान कॉलेजांच्या जुन्या संघटनेची होती. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या मुख्य संघटनेने खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांची तिसरी श्रेणी सुरू केल्यानंतर १९७६ मध्ये टाउसन स्टेटला ३१-२८ असे हरवून तिसरे विजेतेपद आले. १९९३ च्या हंगामात तर त्यांच्या संघाने दर सामन्यात सरासरी ६१.५ गुण केले. बिचकणारा संघ असा खेळत नाही.

---

अस्थिवैद्य

चढाईपकड यांच्या प्रश्नाला वैद्यकीय बाजूने थोडी पुस्ती जोडतो. डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांचा मेंदूवर दीर्घकाळ साठत जाणारा परिणाम होतो, याचे पुरावे गेल्या वीस वर्षांत समोर आले आहेत. त्यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की ज्या एका मोठ्या धडकेने खेळाडू बेशुद्ध पडतो तेवढीच हानिकारक असते असे नाही. सरावात रोज बसणारे, कोणाच्या लक्षातही न येणारे लहान हादरेही मोजावे लागतात. एका हंगामात सामने दहा-बारा आणि सराव त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे सरावातले टॅकल बंद करणे हा एकूण मार कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय ठरतो.

डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये हा निर्णय घेतला आणि माणसांऐवजी पाडण्यासाठी चाकांवर पळणारा, दूरनियंत्रकाने चालणारा पुतळा तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या मदतीने तयार झाला. २०१६ मध्ये आयव्ही लीगच्या, म्हणजे डार्टमथ, हार्वर्ड, येल अशा आठ जुन्या विद्यापीठांच्या गटाच्या, आठही प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात पूर्ण टॅकल बंद करण्याचे मान्य केले. त्या वेळी वृत्तपत्रांतून हे फार पुरोगामी पाऊल म्हणून गौरवले गेले. गलार्डी यांनी ते कित्येक दशके आधी, कोणत्याही संशोधनाचा आधार नसताना, केवळ आपल्या मुलांना उगाच लागू नये एवढ्या भावनेने उचलले होते. माझ्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी कामगिरी ४८९ विजय ही नाही. साठ वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेल्या हजारो मुलांच्या डोक्यांना जे हादरे बसलेच नाहीत, ती आहे.

---

उत्तररात्र

मला येथे थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. गलार्डी यांच्याविषयी आदर आहेच, पण '४८९' या संख्येला आपण किती वजन द्यावे? तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, खेळाडू पुढे व्यावसायिक संघांत जवळजवळ जात नाहीत आणि स्पर्धेचा स्तर पहिल्या श्रेणीच्या तुलनेत बराच खाली असतो. त्यातही सेंट जॉन्स हे फक्त मुलांचे कॉलेज असल्यामुळे दोन हजार विद्यार्थी असलेल्या सहशिक्षणाच्या कॉलेजपेक्षा त्यांच्याकडे खेळू शकणारी मुले दुप्पट होती. आणि तिसऱ्या श्रेणीतलेच उदाहरण घ्यायचे तर ओहायोतल्या माउंट युनियनचे लॅरी केरेस यांनी २७ हंगामांत ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबरी आणि ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. म्हणजे शंभरातले जवळजवळ त्र्याण्णव सामने त्यांनी जिंकले. गलार्डी यांचे हेच प्रमाण ७७ ते ७८ च्या आसपास येते. मग थोर कोणाला म्हणायचे?

---

सरोवरकाठ

आपला प्रत्येक मुद्दा वस्तुस्थितीला धरून आहे. केरेस यांच्या संघांइतके वर्चस्व गलार्डी यांना कधीच मिळाले नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. फक्त मुलांचे कॉलेज असण्याचा फायदाही खरा आहे. मात्र १९५३ च्या आधीही सेंट जॉन्स फक्त मुलांचेच होते आणि तेव्हा तेथे असे काही घडत नव्हते.

शिष्यवृत्तीचा मुद्दा मात्र मी उलट बाजूने पाहतो. पहिल्या श्रेणीतल्या प्रशिक्षकाच्या हातात मुलाची फी असते. मुलगा संघ सोडू म्हणाला तर त्याचे शिक्षणच अडचणीत येऊ शकते. गलार्डी यांच्या हातात असा कोणताही लगाम नव्हता. मुलाला कंटाळा आला, अपमान झाला, अंग दुखले, तर तो दुसऱ्या दिवशी सरावाला न येण्यास मोकळा होता आणि त्याची फी, वसतिगृह, पदवी यांतले काहीही बदलत नव्हते. अशा स्थितीत, सामन्यात उतरण्याची संधी मिळेलच याची खात्री नसलेली दीडशेहून अधिक मुले दरवर्षी राहिली. प्रशिक्षकाचे मोजमाप करताना हे कोठेतरी धरले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

केरेस यांचा विषय निघाला आहे तर २००३ चा हंगाम सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २००० च्या अंतिम सामन्यात माउंट युनियनने सेंट जॉन्सला १०-७ असे हरवले होते. तीन वर्षांनी, व्हर्जिनियातल्या सेलम येथे, हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले तेव्हा माउंट युनियन सलग ५५ सामने जिंकून आलेले होते आणि गलार्डी ७७ वर्षांचे होते. शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद मिळून २७ वर्षे झाली होती. सेंट जॉन्सने तो सामना २४-६ असा जिंकला. ज्या संघाविरुद्ध एकेक गुण मिळवणे अवघड होते, त्याला त्यांनी सहा गुणांवर रोखले. त्या वर्षीचा तिसऱ्या श्रेणीतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून सेंट जॉन्सच्याच ब्लेक एलियटची निवड झाली, आणि त्याला मिळालेल्या पुरस्काराचे नाव १९९३ पासून 'गलार्डी ट्रॉफी' असेच आहे. म्हणजे प्रशिक्षकाच्या हयातीत, तो अजून मैदानावर उभा असताना, त्याच्या नावाचा पुरस्कार त्याच्याच खेळाडूला मिळाला.

त्याच हंगामात, ८ नोव्हेंबर २००३ रोजी, बेथेलविरुद्ध २९-२६ असा अटीतटीचा विजय मिळाला आणि गलार्डी यांचे ४०९ विजय झाले.

---

काळीआई

त्या ४०९ विषयी दोन शब्द मला लिहू द्यावेत, कारण ज्यांचा विक्रम त्या दिवशी मोडला तेही लहान कॉलेजचेच प्रशिक्षक होते आणि त्यांचे नाव या धाग्यात अजून आलेले नाही. लुइझियानातल्या ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ या काळात ४०८ विजय मिळवले. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांची दारे ज्या मुलांना बंद होती, त्यांना घेऊन त्यांनी संघ उभे केले आणि त्यांतले दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. प्रवासात आपल्या मुलांना जेवायला कोणते हॉटेल घेईल, याचाही विचार ज्या प्रशिक्षकाला करावा लागत होता, त्याचे ४०८ आणि मिनेसोटातल्या शांत मठाशेजारचे ४८९ यांची तुलना केवळ आकड्यांनी होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

---

सरोवरकाठ

आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. रॉबिन्सन यांचा उल्लेख मी सुरुवातीलाच करायला हवा होता. या खेळात सर्वाधिक विजय मिळवणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या तीन नावांत दोन लहान कॉलेजांचे प्रशिक्षक आहेत, आणि दोघांनीही पन्नासाहून अधिक वर्षे एकाच ठिकाणी काम केले.

---

चढाईपकड

आपल्या उत्तराने माझे बरेचसे समाधान झाले. एक गोष्ट मात्र मनाला पटायला वेळ लागतो आहे. माझे विद्यार्थी मला 'सर' म्हणतात आणि मी माझ्या गुरुजींसमोर आजही खुर्चीवर बसत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा ऐंशी वर्षांच्या प्रशिक्षकाला नुसत्या नावाने हाक मारतो, तेव्हा शिस्त राहते कशी?

---

सरोवरकाठ

ती हाक मीही प्रथम ऐकली तेव्हा दचकलो होतो. अमेरिकेत वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारणे सर्रास आहे, पण फुटबॉलच्या मैदानावर नाही. तेथे 'कोच' हा शब्द आपल्या 'सर'इतकाच पक्का आहे, माणसाने काम सोडल्यावरही त्याला आयुष्यभर चिकटून राहतो. म्हणूनच गलार्डी यांनी तो मुद्दाम काढून टाकला असावा. मी पाहिले त्यावरून सांगायचे तर मुलांना त्यांच्याशी बोलताना भीती वाटत नव्हती आणि त्यामुळे आपल्याला एखादी गोष्ट समजली नाही हे ती लगेच सांगत. क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूला, तर समोरच्या संघाची मांडणी पाहून ऐनवेळी डाव बदलण्याची मुभा असे. ज्या मुलाला प्रशिक्षकाची भीती वाटते तो अशी मुभा वापरत नाही. शिस्तीसाठी त्यांच्याकडे नियम म्हणून एकच होता : दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण त्याच्याशी वागावे.

सरावाच्या सुरुवातीला ते कधीकधी सर्वांना गवतावर उताणे झोपायला सांगत आणि आजचा दिवस किती सुंदर आहे हे शेजाऱ्याला सांगायला लावत. बाहेरचे लोक याला गंमत समजत. मिनेसोटात सप्टेंबर-ऑक्टोबरचे ते थोडे आठवडे सोडले तर पुढे पाच-सहा महिने बर्फ असतो. येथे राहणाऱ्याला त्या कृतीचा अर्थ निराळा समजवावा लागत नाही.

---

अस्थिवैद्य

शेवटची वर्षे कशी गेली?

---

सरोवरकाठ

शेवट विजयी झाला नाही. २०१२ चा हंगाम पाच विजय आणि पाच पराभव असा बरोबरीत संपला. सेंट थॉमस या जुन्या प्रतिस्पर्ध्याने त्या काळात विभागावर पकड बसवली होती. नोव्हेंबरमध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. योगायोग असा की वर ज्यांचा उल्लेख झाला त्या केरेस यांचाही तोच शेवटचा हंगाम ठरला. गलार्डी यांची जागा गॅरी फॅशिंग यांनी घेतली. ते गलार्डी यांच्याकडे खेळलेले आणि नंतर अनेक वर्षे त्यांचे सहायक राहिलेले. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी गलार्डी यांचे निधन झाले. हंगाम तेव्हा ऐन भरात होता.

महाविद्यालयीन हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २००६ मध्ये झाला होता. निवृत्तीनंतरच प्रवेश देण्याचा जुना नियम बदलल्यामुळे, काम करत असतानाच तो मान त्यांना मिळाला.

---

काळीआई

आम्ही शिकागोजवळ राहतो. या शरदात मुलांना घेऊन तिकडे यावे असे हा धागा वाचून वाटू लागले आहे. काय पाहता येईल?

---

सरोवरकाठ

अवश्य यावे. मिनिआपोलिसहून चौऱ्याण्णव क्रमांकाच्या महामार्गाने वायव्येला सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतर आहे. सेंट क्लाउड मागे पडले की थोड्याच वेळात डावीकडे झाडांच्या वर काँक्रीटचा उभा पडद्यासारखा घंटाघराचा मनोरा दिसतो. ते मार्सेल ब्रॉयर यांनी रचलेले मठाचे चर्च. ते आतून जरूर पाहावे. क्लेमन्स स्टेडियम तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. ते झाडांनी वेढलेल्या नैसर्गिक खोलगट जागेत असल्यामुळे उतारावर बसूनही सामना उत्तम दिसतो. शनिवारी दुपारचा सामना असेल तर दीड-दोन तास आधी पोहोचावे, कारण गर्दी फार होते. मुलांसाठी जाड स्वेटर बरोबर ठेवावेत. ऑक्टोबरात ऊन असले तरी तळ्यावरून येणारा वारा थंड असतो.